बुधवारचं तिकीट

फागालीईच्या विमानतळावर मी माणसं तोलतो.
आधी माणूस, मग पेटी,
मग दोन्हींची बेरीज वहीत.
एवढंसं विमान, त्याला कुणाची लाज नाही,
त्याला फक्त किलो कळतात.

इथून पागो पागो सव्वाशे किलोमीटर.
पस्तीस मिनिटं; वारा अंगावर आला तर चाळीस.
मधे नुसतं पाणी
आणि पाण्यावर कुणीतरी ओढलेली
एक न दिसणारी रेघ.
गुरुवारी दोनला उडालात
की बुधवारी दोन पस्तीसला उतरता.
पर्यटक तिकिटाचे फोटो काढतात, हसतात.
मीही हसतो. पगारात धरलंय ते.

आज मासिना आली.
गुडघ्यावर हात रेटत काट्यावर चढली.
चौऱ्याऐंशी.
काखेत बारीक विणीची चटई,
अर्धी तिच्या हातची, अर्धी सालिलोच्या,
सालिलो लग्न होऊन पलीकडे गेली त्याच्या आधीची.

"सालिलो गेली. पहाटे फोन आला."
तिने तिकीट डोळ्यांपाशी नेलं.
"काल, बुधवारी, बोललो आम्ही.
फणसाच्या झाडाला खत घाल म्हणाली.
आणि यावर छापलंय,
मी बुधवारी उतरणार."

मी काट्याकडे बघत राहिलो.

"मला हिशेब कळतो रे," ती म्हणाली,
"सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.
त्यांचा बुधवार वेगळा, आपला वेगळा.
पण छापलंय ना."

आमचा एक अख्खा शुक्रवार
सरकारने असाच उचलून नेला होता.
दोन हजार अकराचं डिसेंबर,
गुरुवारी रात्री झोपलो, उठलो तो शनिवार.
नेमका त्या शुक्रवारी बाबांचा वाढदिवस.
मरेपर्यंत सांगायचे, माझ्या वयातून एक वजा करा.
डॉक्टरने केलं नाही.

हे तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

"विमान तसंच पुढे नेलं,
आणखी पस्तीस मिनिटं,
तर मंगळवार लागतो का?"

"नाही, मासिना. पुढे समुद्र लागतो."

"ते माहीत आहे," ती म्हणाली,
आणि चटई काट्यावर ठेवली.
तिचं वजन मी वहीत लिहिलं नाही.
दीड-दोन किलोनं काही कुठलं विमान पडत नाही.

साडेचारला तेच विमान परत आलं, गुरुवारी.
उतरणाऱ्यांच्या कपड्यांना
तिकडच्या मासळी कारखान्याचा वास.
सेफोने टोपी काढली, घाम पुसला.
त्याला मी काहीच विचारलं नव्हतं.

"ती म्हातारी," तो आपणहून म्हणाला,
"शिडीवर थांबली, मला वार विचारला.
मी म्हटलं, बुधवार.
'बरं' म्हणाली.
चटई खांद्यावर टाकली
आणि चालायला लागली,
जरा घाईनेच."