एकच कोट

दंगला गावाच्या वरच्या अंगाला, निलगिरींना चादर बांधून
मी दोन दिवस फोटो काढले. जमिनीच्या कागदासाठी.
कोट एकच होता, मास्तरांचा.
पुरुष तो चढवत, उतरवत, पुढच्याला देत.
म्हणून त्या गावचे सगळे मालक
सारख्याच खांद्यांचे दिसतात.

कायदा म्हणाला, बायकांचेही काढा.
त्सेहायनेश आली, हाताला तेफचं पीठ.
"माझा कशाला? नांगर नवऱ्याचा, बैल दिराचे."
हलू नका, म्हणालो.
ती हलत नव्हतीच.

नवऱ्याशेजारी चिकटवली तिला,
अंगठ्याच्या नखाएवढी.

चार वर्षांनी तो गेला.
चाळिसाव्याचं जेवण उरकलं
आणि दीर औत जुंपून बांधावर हजर.
तिने धान्याच्या मडक्यातून कागद काढला.
वाचता दोघांनाही येत नव्हतं.
चेहरा ओळखता येत होता.

दीर बैल घेऊन परतला.
त्या साली पेरणी
तिने कुदळीने केली.

परवा तिचा धाकटा, यिहुने, दुकानात आला.
पोरं पाच, शेत एक हेक्टर.
"माझा फोटो कधी?"

माझ्याकडे रीळ आहे अजून.
जमीन नाही.