एकशे बाराची हद्द

सात वर्षांपूर्वी ही घरणी मीच सरळ केली.
हाच पोकलेन. तेव्हा कोरा होता,
बकेटला हळद-कुंकू, बूमवर झेंडूचा हार.
साहेबांनी चुन्याची रेघ मारून दिली
आणि मी तिच्यावरून अठरा दिवस चालत गेलो.
करंज आडवी आली, काढली.
डोह आडवा आला, बुजवला.
त्या साली पाणी आलं ते पट्टीनं आखल्यासारखं,
रामराम घालायलाही थांबलं नाही कुणाला.

आता उजमा मॅडम तलाठ्याकडून नकाशा घेऊन आल्यात,
कापडावर डकवलेला, घड्यांवर फाटलेला.
त्यात एकशे बारा आणि एकशे तेराच्या मधली हद्द
विळ्यासारखी वाकलेली.
नदी सरळ झाली,
सातबारा सरळ करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हितं मरळ बसायची," सोजरबाई म्हणते,
आणि उभ्या तुरीत काठी रोवते.
भोयांची ती. तिच्या काठीवर नकाशापेक्षा माझा जास्त भरवसा.

चार फूट काळी माती निघाली.
मग बकेट खरखरली.
गोल गोटे, शिंपल्या, ओली वाळू,
जशी कुणी अंथरूण न गुंडाळता उठून गेलेलं.
मी इंजिन बंद केलं. उगीच.

धोंडाप्पानं अकरा गुंठे दिले खरे,
पण बांधावर बसून रोज पावलं मोजतो,
गेलेली.
बिलाचा प्रश्न तर वेगळाच:
खोदलं त्याचा घनमीटर होतो,
वळणाचा दर कुठल्याच पुस्तकात नाही.
मॅडमनी रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'इतर'.

काल वरच्या बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या.
पाणी सवयीनं सरळ आलं,
दगडांशी अडखळलं,
गढूळ झालं, फिरलं,
मागं वळून बघितल्यासारखं जरा थांबलं
आणि आतल्या कडेला
मूठभर वाळू ठेवून पुढं गेलं.
एवढंच.
मरळ नाही, लव्हाळं नाही, एक टिटवी तेवढी ओरडून गेली.
"व्हईल की, लिंबाजी," सोजरबाई म्हणाली,
"तुला अठरा दिस लागले. तिला किती लागतील ते तिला इचार."

परवापासून पलीकडच्या शिवारात काम आहे.
ओढा आहे, लहानच. चुना पडलाय.
मशिनीचा हप्ता आहे, हो म्हणालोय.
आज संध्याकाळी जाऊन बघून आलो:
रेघ एका वाळुंजाच्या बुंध्यावरून जाते.
बुटानं तिथला चुना
थोडा पुसला.