मान वर होऊ नये

रेशिमवाले आडनावाच्या माणसाला
मऊ जॅझचं काम मिळावं
याची गंमत स्टेशनात सगळ्यांनाच वाटायची,
त्यांना सोडून.
"विश्राम म्हण, नाहीतर सर म्हण,
आडनावावरून विनोद झाला तर चहा तुझ्याकडून."
दोन वर्षं रोज चहा माझ्याकडून.

मस्कतच्या कुठल्याशा रेडिओत अकरा वर्षं
तबकड्यांवरची धूळ पुसता पुसता
त्यांच्या कानात सॅक्सोफोन मुरला.
इंदूरला एफएम आलं तेव्हा
अख्ख्या माळव्यात हा एकच माणूस
ज्याला ठाऊक होतं
की रात्री अकरानंतर
पितळसुद्धा हळू बोलतं.

पलासियाला, गाद्यांच्या दुकानावर तिसरा मजला.
पण त्यांची प्रयोगशाळा सराफ्यात.
थंडीत गराडूच्या कढईशेजारी उभं राहायचं,
खिशातला प्लेअर लावायचा,
आणि गाणं नाही, लोक ऐकायचे.
कुणी जिरावण भुरभुरताना थांबला,
कुणी घास हातात धरून इकडेतिकडे पाहिलं,
की गाणं बाद.
"मान वर होऊ नये. बाकी शास्त्र-बिस्त्र काही नाही."

खंडव्याहून आलेली मी, बावीस वर्षांची.
मला वाटायचं, मान वर व्हावी म्हणूनच तर गाणं.
बोलले नाही. गराडू फुकट मिळत होते.

मग रायपूर, जबलपूर, बिलासपूर,
वरच्या बर्थवर उशाला कार्डांची पेटी.
प्रत्येक गाण्याला एक कार्ड, कार्डावर ठिपका:
पिवळा दुपारचा, निळा रात्रीचा,
हिरवा परीक्षेच्या दिवसांत.
कोट्याच्या मालकाने फीऐवजी फरशी पाठवली,
अर्धी अजून जिन्याखाली रचलेली आहे.
शेजारणी विचारत, मिस्टर काय करतात?
मालूकाकू म्हणत, लोकांना झोपवतात.
हे त्यांना इतकं आवडलं
की व्हिजिटिंग कार्डावर छापणार होते.

मग कॉम्प्युटर आला.
त्याने तेच केलं जे ते करायचे,
गराडू न खाता.

निरोपसमारंभात शाल मिळाली, टोचणारी.
त्यानंतर एक साड्यांचं दुकान, दोन दातांचे दवाखाने,
आणि गीताभवनजवळच्या इस्पितळाची लिफ्ट:
तळमजला ते चौथा, बत्तीस सेकंद,
आजही त्यांचीच निवड.
मामाला बघायला गेले होते तेव्हा
मीसुद्धा मान वर केली नाही.

पेटी माझ्याकडे राहिली.
काल रात्री स्टेशनची शेवटची पाळी माझी होती
(आजपासून सगळं मुंबईहून येणार),
म्हणून सहज कार्डं चाळली.
तळाशी एक, बिनठिपक्याचं.
त्यांचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर:
नऊ मिनिटं चाळीस सेकंद.
नको.
फार चांगलं आहे.

लावलं.
सुरुवातीला कुणी नुसता श्वासच घेत होतं नळीतून,
सूर नंतर आला, आणि आला तो थोडा फाटलेला,
दुरुस्त करायची कुणाला घाई नव्हती.
खाली गुरख्याने काठी आपटायची थांबवली.
समोरच्या इमारतीत एक दिवा लागला,
किंवा आधीपासून असेल, मी आत्ता पाहिला.

सहाव्या मिनिटाला फोन.
"चौथ्यालाच लोक गेले असणार."
"तुम्ही, सर?"
पलीकडे इतका वेळ काहीच नाही
की हवेवर असतं तर त्यांनीच कापलं असतं.
मागे तेच गाणं, अर्धा सेकंद उशिरा,
त्यांच्या रेडिओतून.
"आहे," म्हणाले.
मग खोकले.
"संपलं की चादरवाल्याची जाहिरात लाव,
त्याचे दोन स्पॉट बाकी आहेत.
आणि हे बघ, आवाज
कमी करू नकोस."