वाऱ्यावर आळ

कुलबारिंगहून पूर्वेला लाल खडीचा रस्ता जातो.
दोन्ही अंगांना गहू, नजर थकेपर्यंत गहू,
आणि रस्ता नि कुंपण यांच्या मध्ये
वीस पावलांची एक पट्टी
नांगराच्या तावडीतून सुटलेली,
कारण तिथे नांगर वळवायला जागा नव्हती.
एवढंच कारण. कुणाची पुण्याई वगैरे नाही.

तिथे मी पोटावर झोपते.
वय एकाहत्तर. अंगाखाली लोकरीचं पोतं,
कोपरांना क्लेमच्या मोज्यांचे कापलेले पाय.
पूर्वी ट्रक थांबायचे :
“नोरीन, पडलीस का गं?”
आता नुसता हॉर्न देतात.

फुलांचे फोटो सगळेच काढतात.
सप्टेंबरात पर्थहून बस भरभरून येतात,
गुलाबी ताटव्यात बसून, हसून, परत जातात.
फुलाचं काय, ते दार उघडून बसलेलं,
ये म्हणतं कुणालाही.
कळीपाशी ताटकळावं लागतं.

कांगारूपंजाची कळी :
लाल मखमली बाहीत आवळलेली मूठ.
पिसफुलाची मोहरीएवढी,
पण भिंगाखाली तिच्या झालरीची घडी दिसते,
इतकी दाबून बसवलेली
की माझ्या आईलाही जमली नसती,
आणि आई धोबीखान्यात होती तीस वर्षं.

भिंग क्लेमचं.
गव्हावरचा तांबेरा टिपून
शेतकी खात्याला पाठवायला घेतलेलं.
त्याने जन्मभर रोगच पाहिला जवळून.
कळ्या माझ्या वाट्याला आल्या.

इतक्या जवळ गेलं की
स्पष्ट दिसतो तो फक्त नखाच्या कडेएवढा काप.
पुढचं धुकं, मागचं धुकं.
म्हणून केसभर पुढे, केसभर पुढे सरकत
तेवीस फोटो,
ऊन मऊ करायला दह्याच्या डब्याचं झाकण,
आणि श्वास? श्वास नंतर.

निळ्या सूर्य-ऑर्किडची एकच कळी होती यंदा.
नाव सूर्याचं, वागणंही तसंच :
ऊब नसेल तर ओठ उघडायचे नाहीत.
तीन सकाळी ढग. तीन सकाळी मी.
चौथ्या दिवशी मी तेवीस फोटो काढले
आणि चहा प्यायला घरी आले.

कॉम्प्युटरने ते एकावर एक रचले.
देठ स्पष्ट. देठावरची लव स्पष्ट.
लवेत अडकलेला मुंगीचा तुटका पाय, तोसुद्धा.
फक्त कळीचं टोक
दुहेरी, तिहेरी, फिसकटलेलं,
ओल्या शाईवरून बोट फिरल्यासारखं.
वाऱ्याला मी जी शिवी दिली
ती क्लेमची होती, माझी नव्हे.

ग्रंथालयातली झुलैखा मान वाकडी करून बघत राहिली.
तिचा आजा मोती काढायला समुद्रात उतरायचा, ब्रूमला.
श्वास धरण्यातलं तिला कळतं.
म्हणाली, “वारा असता तर मागचं गवत हललं असतं.”
गवताचं पातं सुरीसारखं सरळ होतं.

मग आम्ही फोटो सुटे केले.
पहिला : शिवण बंद.
नववा : शिवणीत निळ्याची एक रेघ.
सतरावा : रेघेला काठ आले.
तेविसाव्यात
एक पाकळी दुसरीच्या अंगावरून
हात काढून घेत होती.

तीन सकाळी ज्यासाठी डोळ्यांत तेल घातलं,
ते चौथ्या सकाळी
माझ्या नाकापासून चार बोटांवर झालं,
आणि मी आकडे मोजत होते.

झुलैखा म्हणाली, खराब फोटो पुसून टाकू का?
मी म्हटलं, हात लावू नकोस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ.
कळी मिटलेली,
काल काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने.
वाऱ्याची माफी मागायची होती, पण तो नव्हता.
मी पोतं अंथरलं.
मागून ट्रकने हॉर्न दिला.
हात वर केला, मान नाही.