जागा होतीच

नेवाडात, आमच्या फाट्यापासून डांबरापर्यंत
एकतीस मैल पन्हळी पत्र्यासारखा रस्ता.
पिकअप त्यावरून धावत नाही, थरथरत पुढं सरकते.
आरसा मान टाकतो,
रेडिओचं बटण गळून पायाशी लोळत राहतं.
आई काही म्हणायची नाही.
मणक्याच्या ऑपरेशननंतर फक्त
बसायच्या जागी घोंगडीची घडी ठेवू लागली,
आधी एक, मग दोन.
बापानं घोंगड्या मोजल्या असाव्यात.

शनिवारी खोक्यातून चार शॉक निघाले.
दोन जुन्यांच्या जागी.
आणि उरलेले?
बाप चाक काढून चासीला तारेचा ब्रश घासत बसला.
चाळीस वर्षांचा चिखल, ग्रीस, कुठल्याशा सशाचे केस,
आणि त्याखाली दोन भोकं,
कोऱ्या कडांची, बोल्टचं तोंडही न पाहिलेली.
"कारखान्यानंच पाडून ठेवलीत," तो म्हणाला,
"जास्तीचे पैसे भरणाऱ्यांसाठी.
तुझ्या आजोबांनी भरले नाहीत."
आजोबांबद्दल याहून जास्त तो कधीच बोलला नाही.

टॉर्च माझ्याकडे.
टॉर्च धरणाऱ्याचा उजेड नेहमी चुकीच्या जागी पडतो.
"तिथं नाही. माझे हात बघतायत तिथं."

खालचा बोल्ट गंजून एकजीव झालेला.
तेल पाजलं. वाट पाहिली. शिव्या झाल्या.
शेवटी पलीकडच्या कुरणातला बेनात इरिगाराय
गॅसची टाकी घेऊन आला, मेंढ्यांच्या वासासकट,
नट लाल होईस्तोवर शेकला,
आणि तो सुटला,
म्हाताऱ्यानं हट्ट सोडावा तसा, कुणाकडे न बघता.

एक शॉक स्प्रिंगच्या पुढं, एक मागं.
रबरी बुशांना साबणाचं पाणी.
नट किती आवळायचा?
"रबर फुगेल इतका. फाटेल इतका नाही."
मग स्टिअरिंग पार डावीकडं, पार उजवीकडं,
मी खाली उताणी, ब्रेकचा पाइप घासतोय का बघत.
"फट किती?"
"बोटभर."
"कुणाच्या बोटाची?"
"माझ्या."
तो उतरला, आडवा झाला,
स्वतःचं बोट घालून बघितलं.

संध्याकाळी आईला हाक मारली.
ती घोंगड्या घेऊनच आली.
मी दोघांच्या मध्ये, गिअरला गुडघा लावून.
पिकअप हादरत होतीच, पण हादरा आता
एकदाच यायचा आणि जायचा,
मागाहून स्वतःची आठवण काढत बसायचा नाही.
कुणी बोलत नव्हतं.
बाप रस्त्याकडं कमी, रेडिओच्या बटणाकडं जास्त बघत होता.

अकराव्या मैलाला, गुरांच्या जाळीपाशी,
आई म्हणाली, "थांब."
त्यानं ब्रेक दाबला. चेहरा उतरलेला.
तिनं जरा उठून खालची एक घोंगडी उपसली,
झटकली, माझ्या पायांवर टाकली.
दुसरी राहू दिली.
"हं," म्हणाली, "चल."