सव्वाअकरा

मिना अब्दुल्लाच्या कॅम्पात तेव्हा मी टाइमकीपर होतो.
माणसं मिनिटांत मोजायची, मिनिटं दिनारांत,
असा हुद्दा. त्याला वेगळी खोली आणि फ्रीज.

रिफायनरीचं शटडाऊन, पंधरा दिवसांचं.
बस चारला गेटवर, गेट उघडणार साडेपाचला.
मधला दीड तास
कुणाचा?
बसलेला माणूस काम करत नाही, असं कंपनीचं म्हणणं.
झोपतही नाय, सुलेमान फणसोपकर म्हणाला, पाइप फिटर,
घरीही जाऊ शकत नाय.
मग तो दीड तास मी कुठे असतो,
तेवढं लिहून द्या.

सोमवारी त्रेपन्न जण बसमधून उतरलेच नाहीत.
ड्रायव्हरने एसी बंद केला, त्याला तसं सांगितलं होतं.
काचांना हात लावला तर चटका बसत होता.
दुपारी चाळीस राहिले, संध्याकाळी नऊ.
कुणाचा अकामा संपत आलेला, कुणाच्या बहिणीचा हॉल बुक झालेला,
ओबुलेसूने तर उतरताना प्रत्येक सीटला हात लावून नमस्कार केला.
बुधवारी एकटा फणसोपकर,
आणि त्याची पाण्याची बाटली, मीच भरून दिलेली, लपवून.

मॅनेजर नबील हद्दाद वाईट माणूस नव्हता.
त्यालाही वर कुणाला तरी तोंड द्यायचं होतं.
विचार त्याला, म्हणाला, हा हट्ट कशासाठी?
विचारताना मी अडखळलो.
आपल्या भाषेत हट्ट तीनच, राजाचा, बाईचा, पोराचा.
फिटरसाठी चौथी जागा कुणी ठेवलेली नाही.

"हट्ट नाय. हिशोब आहे," फणसोपकर म्हणाला,
आणि चौथीतला पोर म्हणतो तसा सूर लावून
पंधरा दिढे साडेबावीस,
त्याचे निम्मे सव्वाअकरा.
नबीलला पाढा कळला नाही. आकडा कळला.

नवव्या दिवशी त्याने स्वतःच्या पाकिटातून नोटा काढल्या.
व्हाउचर मी टाइप केलं. कारण: सदिच्छा.
फणसोपकरने नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवलं.
"हा काय म्हणतो?"
बक्षीस, असं समज.
"बक्षीस दारवानाला. बाकी लिहा."
नबील म्हणाला, बाकी लिहिलं तर ती त्रेपन्न जणांची होते.
फणसोपकरने मान डोलावली. हो, तेच.
तेवढ्यापुरतं दोघांना माझी गरज पडली नाही.

रात्री मी त्या कागदावर पेनाने, आपल्या लिपीत,
बाकी असं लिहून त्याच्या उशाशी ठेवला.
नबीलला वाचता येणार नाही, काम भागेल,
स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.
सकाळी कागद परत आला, चार घड्या घालून.
"तुझ्या अक्षराने कंपनी देणेकरी होत नाय, भाऊ."
अकरा दिवसांनी त्याला विमानात बसवलं.
पैसे टेबलावरच.

नबीलने त्या नोटा पाकिटात परत घातल्या नाहीत,
का, ते मला कधी सांगितलं नाही,
कॅशियरकडे जमा केल्या फणसोपकरच्या नावावर.
आता तो मस्कतला आहे. मी अकाउंट्समध्ये.
दर डिसेंबरला ऑडिटर त्या ओळीवर थांबतो:
फणसोपकर एस., देणे बाकी, ११.२५०.
नवा मॅनेजर म्हणतो, काढून टाका, किती क्षुल्लक.
ऑडिटर म्हणतो, घेणाऱ्याच्या सहीशिवाय काढता येत नाही.
दोघेही हट्टी.
उरलेल्या बावन्न जणांचं नाव त्या पानावर नाही.
माझंही नाही, पण मी बसमध्ये कुठे होतो.

यंदा मी फोन लावला. मागे बोटीचं इंजिन फटफटत होतं.
सही पाठव, म्हटलं, पैसे मी पोचवतो.
"लिहिलंय अजून?"
लिहिलंय.
"शब्द काय?"
बाकी.
"पुरी ओळ वाच."
मी वाचली.
"इंजिन बंद करतो, थांब," तो म्हणाला. "परत वाच."