हिरवी रेघ

सकाळी नऊ बावन्नला, मकरपुऱ्यात,
आमच्या शेडमधले चारही लेथ थांबले.
रमणीकशेठनं स्वतः मेन स्विच पाडला.
एरवी हे फक्त दसऱ्याच्या पूजेला होतं.
कूलंटच्या डब्याला फोन टेकवून ठेवला होता,
समोर आम्ही सहा जण
आणि चहाचे कप घेऊन आलेला, आता जायला विसरलेला
लारीवाला कानजी.

पडद्यावर दोन रेघा.
हिरवी म्हणजे व्हायला हवं ते,
पिवळी म्हणजे होतंय ते.
आधी पिवळी हिरवीच्या अंगावरून अशी चालली
जशी मास्तरांनी आखून दिलेल्या अक्षरावरून
शहाण्या मुलाची पेन्सिल.
मग सातव्या मिनिटाला ती किंचित वाकली,
इतकी किंचित
की तिकडच्या टाळ्याही थांबल्या नाहीत.
मला दिसलं.
बावीस वर्षं मी पगार घेते तो
किंचित बघण्याचाच.

निवेदिकेनं वाक्य अर्धं सोडलं.
मग कुणीतरी घसा साफ करून म्हणालं,
"अपेक्षित कामगिरीत फरक आढळतो आहे."
आमच्याकडे याला माल परत आला म्हणतात.

वेल्डर घोरपडे म्हणाला, जोड. जोडच गेला.
जगात काहीही तुटो, जोडाला तुटतं.
(त्याची बायको मार्चपासून नवसारीला आहे.
सगळे कपाकडे बघू लागले.)
स्टोअरचा नटूभाई म्हणाला, सगळ्यात स्वस्त टेंडर, दुसरं काय!
आयटीआयहून आलेला धवल म्हणाला,
रॉकेट ठीकच असेल, सेन्सर खोटं बोलला असेल.
त्याचं वयच आहे तसं.
कानजी म्हणाला, जेटमध्ये कचरा.
माझा स्टोव्ह असाच आधी भडकतो, मग फुरफुरतो,
मग पिन मारावी लागते.
तिथं वर पिन घेऊन जाणार कोण?
आम्ही हसलो.
मला वाटलं, बरोबर असलाच तर तोच असेल.

जो तो आपल्याच पान्यानं आभाळ खोलत होता.

माझ्याकडे पाना नाही. रजिस्टर आहे.
तीन वर्षांपूर्वीचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं.
दोनशे रिंगा, स्टेनलेस, करंगळीत बसतील एवढ्या.
अहमदाबादच्या पार्टीला गेल्या.
पार्टीनं पुढे कुणाला दिल्या
ते चलनावर नसतं.
दूध डेअरीत गेल्या असतील,
नाहीतर एखाद्या दवाखान्याच्या ऑक्सिजनला.
नाहीतर.

शंभरात दहा मोजायच्या, असा नियम.
मी वीस मोजल्या, शिक्का मारला,
खाली सही, वि. निंबाळकर.
त्या आठवड्यात आई सयाजी हॉस्पिटलात होती,
मी रात्री बाकावर आणि दिवसा इथे.
उरलेल्या एकशे ऐंशी
मी नियमाप्रमाणे बघितल्या नाहीत.

शेठ मागे येऊन उभे राहिले.
"विभाबेन, तो आपला माल नव्हता."
"कशावरून?"
"मग होता तो कशावरून?"
पानावर चहाचा एक डाग होता, गोल,
साधारण रिंगेएवढा. बाकी सगळं मापात.

काही महिन्यांनी अहवाल येईल.
जाडजूड असेल, त्यात कारण एका ओळीत असेल,
त्या ओळीत एक भाग असेल, आणि त्या भागाला
ना आई, ना बाक, ना सही.
तुकडे तोवर समुद्रात.
मीठ कुणाचा शिक्का वाचत नाही.

स्विच वर गेला. लेथ गुरगुरले.
घोरपडेनं काच डोळ्यांवर ओढली
आणि जरा जास्तच वेळ एका जोडावर थांबला.
कानजी कप गोळा करताना वाकून म्हणाला,
"पण ही हिरवी तर अजून चालूच आहे!"

खरंच होती.
फोन बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.
पिवळी केव्हाच बुडाली होती
आणि हिरवी एकटीच वर वर,
जिथे पोचायचं ठरलं होतं तिथे,
अगदी वेळेवर.